मठ्ठपणाचं कसब

पडद्यावर शब्द आला : कंदील. मग पूल. मग साबण. एकेक शब्द यायचा, क्षणभर थांबायचा आणि जायचा. थोड्या वेळाने हेच शब्द नव्या शब्दांत मिसळून परत येणार होते. आधी पाहिलेला कोणता आणि नवा कोणता, हे बटण दाबून सांगायचं होतं. क्लबच्या डॉक्टरबाई बाजूच्या खुर्चीत बसून, बघत नसल्यासारखं दाखवत त्याच्याकडे बघत होत्या.

संघात त्याला सगळे पाहुणा म्हणत. हा त्याचा नववा फुटबॉल क्लब. उजव्या कडेने पळायचं, चेंडू गोलसमोर टाकायचा आणि करार संपला की गाशा गुंडाळायचा, हाच त्याचा धंदा. पोस्टरवर त्याचा फोटो कधी लागला नाही, पण रिकामाही तो कधी बसला नाही. चौतिशीत विंगरचे पाय कुरकुरायला लागतात. त्याचे पाय अजून ठणठणीत होते. गेल्या सामन्यात उंच चेंडूसाठी उडी मारताना त्याचं डोकं समोरच्या बचावपटूच्या डोक्यावर आदळलं होतं. त्यामुळे आज तो या खोलीत होता.

सीझनच्या सुरुवातीला, सगळे धडधाकट असताना, प्रत्येक खेळाडूची हीच चाचणी होते. ते त्याचे मूळ गुण. पुढे कधी डोक्याला मार बसला की पुन्हा चाचणी. गुण घसरले तर खेळ बंद. मूळ गुणांइतके आले तर मैदान मोकळं.

यावरचा तोडगा त्याला त्याच्या दुसऱ्या क्लबातल्या म्हाताऱ्या गोलकीपरने शिकवला होता. पहिल्या दिवशी थोडं मठ्ठ व्हायचं, तो म्हणाला होता. मग डोकं आपटलं तरी कुणाला फरक दिसत नाही. पाहुण्याने ते प्रत्येक क्लबात केलं. पाहिलेल्या शब्दांना नवं म्हणायचं, बटण जरा उशिरा दाबायचं. फार मठ्ठ झालं तर संगणकाला संशय येतो, म्हणून बेताने. त्यात त्याचा हात चांगला बसला होता.

म्हणजे आज खरं तर काळजी नव्हती. सुरुवातीला दाखवला तेवढाच मठ्ठपणा पुन्हा दाखवायचा. उरलेले सामने खेळलास तर आणखी दोन वर्षं ठेवून घेऊ, असं प्रशिक्षकाने सांगितलं होतं. दोन वर्षं एकाच घरात. मुलीला शाळा बदलावी लागणार नव्हती.

पण काल एक गोष्ट घडली. डोक्याला चेंडू लावायचा नाही या अटीवर त्याला हलक्या सरावाला सोडलं होतं. कॉर्नर घेणाऱ्याने दोन्ही हात वर केले. या क्लबात त्याचा अर्थ, जवळच्या खांबाकडे धावा. पाहुणा लांबच्या खांबाकडे धावला. खुणेचा तो अर्थ मागच्या क्लबातला होता. पाहुणा अजून जुन्या घरीच जेवतोय, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, तोही हसला. पुन्हा हात वर झाले तेव्हा तो पळालाच नाही, मागे राहिला. हा अर्थ त्याच्याही आधीच्या क्लबातला होता. हे फक्त त्यालाच कळलं, आणि तेही सराव संपल्यावर, अंघोळ करताना.

घरी त्याने बायकोला टकरीचा किस्सा रंगवून सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, "हे तू आज मला तिसऱ्यांदा सांगतोयस. आणि तिन्ही वेळा त्याच जागी हसलास."

गोलकीपरचा तोडगा तिला माहीत होता. तुला कशाला लागतं नाटक, असं ती त्यावरून त्याला चिडवायची. काल तिने चिडवलं नाही. उद्या चाचणी मनापासून दे, एवढंच म्हणाली. पकडला गेलास तर जाऊ दे, सामान बांधायची मला सवय आहे. पण जे काय येईल ते मला सांग.

कंदील पुन्हा आला. पाहिला होता, नक्की. त्याने खाडकन बटण दाबलं. पूल, तोही पाहिलेला. मग आकृत्या आल्या, मग रंग, मग उलटे आकडे. तो पुढे वाकून, श्वास रोखून सोडवत राहिला. एकही उत्तर त्याने मुद्दाम चुकवलं नाही, कुठे रेंगाळला नाही. कितीतरी दिवसांत त्याला इतकं स्वच्छ वाटलं नव्हतं. गुण इतके वर गेले असणार की सुरुवातीची लबाडी उघडी पडेल, असं त्याला वाटलं. डॉक्टरबाईंना काय सांगायचं, याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला.

डॉक्टरबाईंनी पडदा स्वतःकडे वळवला. आकडे दोनदा तपासले. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि हसल्या.

"खरं सांगू, मी घाबरले होते," त्या म्हणाल्या. "पण एका गुणाचाही फरक नाही. शनिवारी खुशाल खेळा."

त्यांनी तिथूनच प्रशिक्षकाला फोन लावला. त्याचं मोठ्याने हसणं पाहुण्याला दारापर्यंत ऐकू आलं.

बाहेरच्या बाकावर बसून त्याने बायकोला फोन केला. ती भांडी घासत असावी, मागे नळ वाहत होता.

"किती आले?"

"सुरुवातीला होते तेवढेच."

"मनापासून दिलीस ना?"

"जीव तोडून."

नळ बंद झाला.

"तिथेच बसून राहा," ती म्हणाली. "गाडीला हात लावू नकोस. मी न्यायला येते."