फलकावरचा आकडा

“साहेब, तुम्ही माझी अब्रू वेशीवर टांगलीत,” शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई दवाखान्याच्या बड्या डॉक्टरांना म्हणाली. फोटोसाठी संमतीची सही घेताना वाजवलेलीच टेप डॉक्टरांनी पुन्हा लावली : “बाई, तुमच्या गालाचा फोटो या इमारतीबाहेर जात नाही. फोटो पाहून त्वचारोग ओळखणारं यंत्र इथंच शिकतं, मुख्यालयाला फक्त शिकलेलं कळवतं.” बाईनं त्यांना बाही धरून बाहेरच्या बाकांपाशी ओढलं. तिथं त्यांनीच मिरवायला लावलेला फलक होता : ‘यंत्र आमच्या रुग्णांकडून शिकलं. नायटा, तीनशे. खरूज, दोनशे. कुष्ठरोग, एक.’ तसला चट्टा गावात तिच्याच गालावर होता. काल फलक वाचून आलेल्या मुख्याध्यापकांनी, गोळ्या घेणाऱ्याचा रोग लागत नाही हे तिनं सांगूनही, तिच्या हातातली पळी काढून घेतली. डॉक्टर पुटपुटले, “पण यात नाव कुठंय?” बाकांवरच्या सगळ्यांनी माना वळवून तिच्या गालाकडे पाहिलं. “मग यांना कुणी सांगितलं, साहेब?”