फक्कीची रेघ

“आबा, तुम्ही इथंच सावलीत बसा. पट्टीवर जाऊ नका,” तनुजाने तिसऱ्यांदा सांगितलं.

“ऐकलं गं बाई. म्हातारा झालोय, भैरा न्हाई,” म्हणत सासऱ्यांनी खुर्ची ओढली.

 सकाळच्या फेरीत बाकीचे सगळे गळाले होते आणि फ्लाइंग क्लबच्या स्पर्धेत आता दोघंच उरली होती, तनुजा आणि जयसिंग. जयसिंग चार वर्षं पहिला येत होता. तेवढं दडपण पुरेसं नव्हतं म्हणून की काय, दुपारी आबा हडपसरहून बस पकडून, लोणी काळभोर ओलांडून, थेट क्लबच्या मातीच्या धावपट्टीवर हजर झाले होते. न सांगता.

का आले होते, ते तिला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी सगळ्या भावकीसमोर त्यांनी सांगून टाकलं होतं, “पयली आली तर शिकू द्या म्होरलं. न्हाई आली तर हे इमानाचं खूळ बंद.” नवऱ्याने, आनंदने, चकार शब्द काढला नाही. काढून उपयोगही नव्हता. चुलतभावाने बांधावरचा दगड वीतभर सरकवला म्हणून बावीस वर्षं त्या घरचं पाणी न प्यायलेला माणूस हा. तो सुनेसाठी दिलेला शब्द फिरवणार? नावच नको. सून हरताना बघायलाच आलेत, असं वाटून तिचं डोकं आणखी फिरत होतं.

काम सांगायला सोपं होतं. वर गेल्यावर इंजिनाची ताकद काढून घ्यायची आणि विमान तरंगत आणून पट्टीवर आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघेपलीकडे टेकवायचं. अलीकडे टेकलं तर बाद. पलीकडे, रेघेच्या जितकं जवळ तितकं चांगलं. चाक टेकलं की परीक्षक हेमा मॅडम त्याच्या सरळ समोर, पट्टीच्या कडेला, नावाची खुंटी ठोकायच्या. टेप लावायची ती शेवटी.

हे आबांना समजावून सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. जन्मभर जमिनीच्या मोजण्या करत आलेल्या माणसाला काय सांगायचं? शिवाय त्यांनी विचारलंही नाही.

जयसिंग उतरला. खुंटी बसली. रेघेपासून तीनेक फूट. टाळ्या पडल्या. आबा मान लांब करून बघत राहिले.

मग तनुजा. शेवटच्या वळणावर विमान जरा जास्तच खाली आलंय असं तिला वाटलं. अलीकडेच टेकतंय बहुतेक. मेले! खाली उसाचे तुकडे, मग कुंपण, मग रेघ. रेघ नाकाखाली गेली आणि लगेच चाकं टेकली. दोन फूट! फार तर सव्वादोन. बंद कॉकपिटमध्ये ती एकटीच ओरडली.

खुंटी ठोकून हेमा मॅडमनी हात झटकले. “आधी चहा, मग मोजणी. चहा गार होतो, खुंट्या होत नाहीत.”

सगळे चहाच्या टेबलाकडे गेले. तनुजा लांब, पट्टीच्या टोकाला विमान बांधत होती. दोरीची गाठ दोनदा सुटली. तिथून तिला आबा दिसले. पट्टीच्या कडेला उकिडवे बसले होते. कुठेही गेलं की आधी तिथली माती उकरून बघायची, ही त्यांची जुनी खोड. इतकं बजावूनही गेलेच! पण आज तिला रागही धड येईना.

चहा संपला. टेप लागली.

“जयसिंग, तीन फूट एक इंच,” हेमा मॅडम म्हणाल्या. मग पुढच्या खुंटीशी वाकल्या. “तनुजा, तीन फूट सात इंच. जयसिंग पहिला.”

“शक्यच नाही, मॅडम! मी दोन फुटांवर टेकलेय. मला दिसलंय!”

“वरून सगळ्यांनाच तसं दिसतं. खुंटी मी माझ्या हाताने ठोकलीय. आता माझ्या हातावर शंका असेल तर तसं लेखी द्या.”

 आबा ताडकन उठले होते. चेहरा लाल झाला होता, तोंडही उघडलं होतं. पण तसेच परत बसले.

गाडीत बसल्यावर तिला किल्ली लागेना. डोळ्यांतून नुसत्या धारा वाहत होत्या.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यांवर ओरडली. “शब्द राहिला तुमचा. उद्यापासून बंद!”

आबांनी खिडकीची काच वर केली. मागे कुणी नाही ना, ते वळून बघितलं.

“मनासारखं कुठलं, पोरी. चारचौघांत बोलून बसलो आन् माझा मीच अडकलो.” “तुझी खुंटी त्याच्या मागं पडली व्हती. समदी च्याला गेली तवा म्या ती उपटली आन् चांगली हातभर म्होरं ठोकली. तरीबी त्यो पयला कसा?”