अकरा ठिकाणं आणि दोन विहिणी

तिसऱ्या पुलावर मुलाच्या आईने लंगडायला सुरुवात केली. फार नाही, बेताचंच. पुढे चाललेल्या सुनेने मागे वळून पाहिलं तर दिसेल, एवढं.

"काय झालं, आई?" मुलगा धावत आला.

"काही नाही रे. गुडघा आहे, वयाप्रमाणे कुरकुरणारच."

सूनही परत फिरली. तिला पाचवा महिना होता, तरी सकाळपासून तीच सगळ्यांच्या पुढे होती. तिने सासूबाईंचा हात धरला. सासूबाईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात मागून एक लांबलचक सुस्कारा आला. सुनेची आई कठडा धरून उभी होती, दुसरा हात छातीवर.

"माझं राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या. "हल्ली दम लागतो जरा. आधी यांचा गुडघा बघा."

आता यांनाही आत्ताच दम लागायचा होता!

बाळ आलं की मुलाच्या घरी कोणीतरी राहायला जायचं, हे दोन्ही घरांनी न बोलताच धरून ठेवलं होतं. कोणी, एवढंच ठरायचं होतं. अशात मुलाने दोन्ही आयांना दोन दिवस शहर बघायला आणलं, तेव्हाच मुलाची आई काय ते समजली. ही परीक्षा होती. जी जास्त टुणटुणीत, तिच्या गळ्यात घोंगडं. आणि तिला नापास व्हायचं होतं. पस्तीस वर्षं तिने पोस्टात उभं राहून पत्रं निवडली होती. आता एकसष्टाव्या वर्षी ती पोहायला शिकत होती. गेल्या मंगळवारी कोणाचाही हात न धरता तिने अर्धा तलाव पार केला होता. उरलेला अर्धा तिला झोपेतही दिसत होता. नातवंडावरून जीव ओवाळून टाकायला ती तयार होती, पण रविवारी.

पुलानंतर राजवाडा झाला. तिथल्या पायऱ्यांवर ती दोनदा बसली, तर विहीणबाई तीनदा. घड्याळांच्या संग्रहालयात विहीणबाईंनी चक्क पहारेकऱ्याची खुर्ची मागून घेतली. बागेत मुलाच्या आईने चप्पल काढून घोटा चोळत चोळत "अगं आई गं" म्हटलं, तर विहीणबाईंनी पर्समधून गोळ्यांचा डबा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा खुळखुळवला. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत. मग मुलगा घसा खाकरून म्हणे, "आई, एक सांगायचं होतं..." आणि दोघी आया कान टवकारून ऐकायला लागल्या की चष्मा पुसत म्हणे, "इथून जवळच एक जुनं ग्रंथालय आहे. बघून घेऊ."

असं करत करत दहावं ठिकाण आलं. उंच मनोरा. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये मुलाच्या आईला घेरी येते असं तिला आठवलं. विहीणबाईंनाही लगेच आठवलं. मुलगा आणि सून दोघेच वर गेले. विहिणी खाली बाकावर बसल्या.

"सकाळी डावा गुडघा होता ना हो तुमचा?" विहीणबाईंनी विचारलं.

मुलाच्या आईने खाली पाहिलं. ती उजवा चोळत होती.

"आणि तुम्ही?" ती फणकारली. "टेकडी चढताना फोनवर कोणावर तरी ओरडत होतात. दम नाही लागला तो?"

विहीणबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी सगळं ओकून टाकलं. "जन्मभर लोकांच्या बाह्या आखूड केल्या हो मी. आता कुठे एका नाटकाचं काम मिळालंय. बेचाळीस पोशाख. राजाचा झगासुद्धा! तुम्ही जा ना बाळाकडे. तुमचा हात मायेचा आहे."

"माझा? मी तर तुमचंच नाव घेणार होते. मला पोहायचंय!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या, की शेजारच्या बाकावरचे आजोबा उठून गेले. ठरलं. दोघींनी मिळून मुलांना स्पष्ट सांगायचं. एकीला वाईट म्हणतील, दोघींना कसं म्हणतील? समोर धक्क्यावर होडीवाला शेवटच्या फेरीचा पुकारा करत होता. विहिणींनी पर्सा काखेत मारल्या आणि भर चौकातून कबुतरं उडवत धूम ठोकली.

नदीतून फेरी मारून त्या परतल्या, तेव्हा मुलगा आणि सून धक्क्यावर उभे होते. मनोऱ्यावरून सगळा चौक दिसतो, हे दोघींच्या आत्ता लक्षात आलं.

"त्याचं असं आहे..." मुलाच्या आईने सुरुवात केली.

"थांब आई, आधी मी बोलतो. नाहीतर बारावं ठिकाण शोधावं लागेल मला." मुलाने बायकोचा हात घट्ट धरला. "सकाळपासून धीर होत नव्हता. दोघींना वाईट वाटेल म्हणून. मी चार महिने रजा घेतलीय, हिने सहा. बाळाचं आम्ही दोघंच बघणार. तुमच्यापैकी कोणीच राहायला यायची गरज नाही."

हेच तर हवं होतं. शब्दन् शब्द हवा होता. मुलाच्या आईने आनंदाने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई आनंदात नव्हत्या. आणि एकाएकी तीही नव्हती.

"गरज नाही म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे आम्ही काय मोडीत निघालो?" विहीणबाई म्हणाल्या.

"आई, तसं नाही..." सून पुटपुटली.

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या. मुलाच्या आईने विहीणबाईंच्या दंडात हात अडकवला आणि मुलाला बजावलं. "दोघींची तिकिटं काढ. बाळ यायच्या आठ दिवस आधीची, आणि परतीची काढू नकोस."