गुडघा टेकताना

"एकही जण उभा राहणार नाही," नवनाथने बजावलं. "टॉस झाला की सगळ्यांनी एक गुडघा जमिनीवर. टीव्हीवर परदेशातले खेळाडू वर्णद्वेषाविरुद्ध टेकतात तसा."

"माझा टेकला तर उठवायला क्रेन मागवा," जाडजूड सनी म्हणाला. त्याच्या जर्सीवर पाठीमागे 'टेम्पो' लिहिलं होतं. टीमच्या जर्सी नवनाथनेच हौसेने छापून आणल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या पाठीवर अर्थातच 'बॉस'.

पण आज बॉसला हसू येत नव्हतं. चाकणच्या कंपन्यांची टेनिस बॉल स्पर्धा, मोशीच्या मैदानावर फायनल, आणि मोईज म्हणत होता, हा माझा शेवटचा सामना.

कारण सेमीफायनलचं पब्लिक. मोईज बॉलिंगला धावू लागला की शेकडो गळ्यांतून एकच ओरडा, "काळू! काळू!" वर माकडाचे आवाज. मोईज सिद्दी समाजाचा, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशातला. आजोबा कर्नाटकातून आलेले, तो स्वतः काळेवाडीत जन्मलेला. तरी लोक त्याला विचारणार, कुठल्या देशातून आलास? तीन वर्षं एकाच शिफ्टला, एकाच डब्यातून जेवलेला दोस्त असा मान खाली घालून निघून जाणार? नवनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"यांच्या जिभेला काही हाड? माणसाला आईबापांनी ठेवलेलं नाव असतं की नाही?"

"पब्लिक आहे, भाऊ," मोईज बुटाची नाडी बांधत म्हणाला. "समोर दिसतं तेच ओरडणार."

भर उन्हात त्याने जर्सीवर जॅकेट चढवलं होतं.

"ते काढ आधी. लाज त्यांना वाटू दे, तुला कशाला?"

"राहू दे ना."

"काढ म्हणतो ना, राव!"

मोईजने जॅकेट काढलं.

टॉस झाला. नवनाथने त्याला पब्लिककडे तोंड करून पुढे उभं केलं आणि मागे दहा जणांनी गुडघे टेकले. सनीसुद्धा टेकला. माईकवरची कॉमेंट्री थांबली. अंपायर लक्ष्मणरावांनी टोपी काढली. मग कुठूनतरी एक टाळी आली आणि बघता बघता सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं.

आता कुणाची छाती आहे याला तसली हाक मारायची! नवनाथने अभिमानाने मान वर केली.

हातभर अंतरावर मोईजची पाठ होती, आणि तिच्यावर नवनाथनेच हौसेने छापून घेतलेली ठळक अक्षरं: 'काळू'.