अळीची ग्वाही

या माउलींनो, जरा जवळ सरका. कीर्तनाला बुवांचा फेटा बांधून होईस्तोवर अणदूरच्या महानंदाबाईंची गोष्ट सांगतो. जेवून आला असाल तरच ऐका.

बाईंची सून निकिता पोटुशी होती. आधीचं एक पोटातच गेलेलं. म्हणून बाईंनी पण केला, या खेपेला सुनेच्या ताटात विषाचा थेंब येऊ द्यायचा नाही. भाजी घ्यायची ती शेत डोळ्यांनी बघूनच. पारखायचं कसं? सप्ताहात कुणी तरी म्हणालं होतं, "जिथं जीव नांदतो, तिथं विष न्हाय." बाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं.

आधी नागम्माचा मळा. वांगी तेल चोपडल्यागत चकचकीत, एकालाही भोक नाही. बाईंनी नाक मुरडलं.

"काय गं, किती फवारलंस?"

"फवारत न्हाई, आक्का. रोज सकाळी सुकलेला शेंडा खुडते, अळीसकट जाळते."

"व्हय, आन् मी कालच जन्मले!" बाई पचकन थुंकल्या आणि निघाल्या.

पुढं धोंडीबाचं रान. बांधावरच उग्र दर्प मस्तकात गेला. धोंडीबाच्या तोंडाला फडकं. बाईंनीही नाकाला पदर लावला. शेणखत कुजवलं असेल, म्हणाल्या मनाशी. एक वांगं मोडून बघितलं, तर आत काळा गाळ आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. बाईंचा चेहरा खुलला.

"असलीच दे बाबा."

"असली?" धोंडीबा बघतच राहिला. "चांगली मोंढ्यावर इकायला गेली की. ही उकिरड्यावरच चालली होती. न्या हवी तेवढी."

तेव्हापासून टोपलीनं वांगी घरी येऊ लागली. बाई सुरीच्या टोकानं अळ्या काढायच्या, तेवढा सडका भाग दारातल्या शेरडांपुढं टाकायच्या, भरलं वांगं करायच्या. निकिता तोंड फिरवायची.

"आत्याबाई, किळस येते हो."

"खा गं माझे बाई. अळी जगली म्हंजे लेकरू जगंल."

सातव्यात ओटी भरली. कार्यक्रम आटोपला तशा बाई टोपी, टॉवेल, नारळ घेऊन धोंडीबाच्या रानात गेल्या. मानानं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

धोंडीबा लाजून चूर झाला. "अहो आक्का, सडक्या वांग्यांपायी कुणी आहेर करतं व्हय? तुमची शेरडं धष्टपुष्ट झाली, ह्यातच आलं सगळं. फकस्त आजपास्नं चार दिस वांगी घालू नका त्यास्नी. अळी लई माजलीय, कसल्याच फवाऱ्याला दाद देईना. म्हणून काल दोन जहरं एकात कालवून मारलीत."

चला, बुवा उभे राहिले. आज पांडुरंगाला हात जोडाल, तेव्हा निकिताची तेवढी आठवण ठेवा.