पाच शून्यं

चाळिसावी उत्तरपत्रिका हातात आली आणि परीक्षक थांबले. प्रवाहाच्या रकान्यात मुलीनं पाचही ओळींत शून्य लिहिलं होतं.

“मॅडम, हे काय?” त्यांनी कागद विज्ञानाच्या बाईंकडे सरकवला.

बाई सकाळपासून उभ्याच होत्या. पाय भरून आले होते. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा दर वर्षी कशी बिनबोभाट पार पडायची. शेजारच्या गावच्या हायस्कुलातून परीक्षक यायचे, चहा घ्यायचे, सह्या ठोकायचे आणि चारची बस पकडायचे. प्रयोगशाळेतला एकुलता एक अमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह मोजायचं यंत्र, सहा वर्षांपूर्वीच बंद पडला होता. नव्यासाठी बाईंनी चार अर्ज केले. चारही कुठल्या तरी फायलीत सुखानं झोपले. मग बाईही थकल्या. आकडे पाठ करा आणि टेबलाशी येऊन गुपचूप लिहा, असं त्या मुलांना सांगू लागल्या. मुलं गुणी. आधीच्या वर्षीच्या वहीतून आकडे जसेच्या तसे उतरवायची. तिसऱ्या ओळीत कुणीतरी कधीतरी केलेली चूकसुद्धा वडिलोपार्जित जमिनीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे चालत आली होती. आजही ती एकोणचाळीस जणांनी इमानेइतबारे केली होती.

ही मुलगी मात्र पाठांतराच्या आठवड्यात आईच्या आजारपणामुळे घरी होती. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

शून्यांच्या खाली तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘सेल बदलून पाहिला. तारांची टोकं घासून पाहिली. अमीटर काढून त्या जागी छोटा बल्ब जोडला, तो लागला. म्हणजे अमीटर बिघडला आहे.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना लाज वाटली. लाज वाटायलाही अंगात थोडं त्राण लागतं, तेवढंच काय ते उरलं होतं.

“हिला मार्क दिले तर बाकीचे सगळे खोटे पडतात,” परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, “आणि नाही दिले तर ही नापास. कशाला घोळ? बोलवा तिला, आकडे भरून घ्या. दोन मिनिटांचं काम.”

मुलगी अजून व्हरांड्यातच होती. ती आत आली. बाईंनी कागद तिच्यासमोर धरला, पेनही पुढे केलं.

“बाई, खूप प्रयत्न केला,” ती म्हणाली. “काटा हललाच नाही. माझं काही चुकलं का?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीनं मुकाट्यानं आकडे भरले असते आणि सगळे वेळेवर घरी गेले असते. बाईंनाही घरी जायचं होतं. त्यांनी पेन मागे घेतलं.

“नाही गं. अगदी बरोबर आहे तुझं. जा, आई वाट बघत असेल.”

ती गेल्यावर बाई पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या.

“तिला पूर्ण मार्क द्या, सर. बाकीच्यांची परीक्षा रद्द करा. मी शनिवारी परत घेते.”

“अहो, अंगाशी येईल तुमच्या. चौकशी लागेल.”

“लागू दे. त्या निमित्तानं माझे अर्ज तरी कुणी वाचेल.” बाईंना स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. “तुम्ही फक्त एवढं करा. तुमच्या शाळेतला अमीटर मला दोन दिवस उसना द्या.”

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाहेर चारच्या बसचा हॉर्न वाजला, तरी ते उठले नाहीत.

“आमचाही बंदच आहे, मॅडम,” ते शेवटी म्हणाले. “आठ वर्षं झाली. आमच्याकडे फक्त ही मुलगी नव्हती.”