आधी ओरडणारा

“गोल! आपला गोल!” भिंतीपलीकडून धाकटा ओरडला.

इकडे थोरल्याच्या टीव्हीवर चेंडू अजून आपल्या खेळाडूच्या पायातच घुटमळत होता. थोरल्याने रिमोट मांडीवर आपटला. मग चेंडू जाळ्यात गेला, मैदानावर माणसं एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागली. थोरला मात्र शिळी बातमी वाचावी तसा ते बघत राहिला.

“घातली माती! इतकं ओरडायला काय झालंय याला?”

“आपल्या घरात ओरडतात ते. तुमच्या कानाशी येऊन नाही ओरडत,” बायको गोळ्यांची डबी शोधत म्हणाली.

घर मुळात एकच. वडील गेल्यावर, त्यांच्या आजारपणात कोण किती जागलं यावरून भावाभावांचं वाजलं आणि मधल्या खोलीत एक पातळशी भिंत उभी राहिली. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. जावा तेवढ्या बोलत, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना, तेही हळू आवाजात.

गेल्या वर्षी असाच एक सामना बघताना थोरला छाती धरून खुर्चीतून खाली घसरला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “मनाला एकदम धक्का बसता कामा नये. सामने बघायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी बघा, निकाल कळल्यावर.”

“त्यापेक्षा भिंतीकडे बघत बसेन,” थोरला म्हणाला आणि घरी येताच त्याने हौसेने डिजिटल बॉक्स बसवून घेतला. चित्र लख्ख झालं. फक्त ते जरा उशिरा यायचं.

“बॉक्सला चित्र उलगडायला वेळ लागतो, काका,” बसवणारा म्हणाला. “जुन्या अँटेनावर सरळ येतं, म्हणून आधी दिसतं.”

ती जुनी अँटेना धाकट्याच्या गच्चीवर होती. बॉक्सवाला त्याच्याही दाराशी गेला होता. “नको म्हणाले. जुनंच बरं म्हणाले,” त्याने येऊन सांगितलं. थोरला हसला. चिकट तो चिकटच.

पण तेव्हापासून एकही सामना धड बघता आला नाही. ‘आपला गोल’, ‘आपल्यावर गोल’, ‘हुकला’, सगळं भिंतीतून आधी यायचं. आपला संघ मार खात असला तरी हा बेंबीच्या देठापासून ओरडायचा, ते थोरल्याला फार झोंबे. लहानपणी चेंडू अंगावर आला की डोळे गच्च मिटणारा हा. याला खेळातलं काय कळतं? मुद्दाम करतो. माझ्या तोंडचा घास काढून घेतो.

आज मात्र याला औषध मिळणार होतं. जुनं प्रक्षेपण आज संध्याकाळी सहाला कायमचं बंद, असं आठवडाभर वर्तमानपत्रात येत होतं.

“सहाला बोलती बंद त्याची,” थोरला सकाळपासून दहादा म्हणाला होता.

सामना संपत आला. “आपल्यावर गोल! बरोबरी झाली!” भिंत म्हणाली आणि मागोमाग इकडे बरोबरी झाली. जादा वेळेतही कोणी कोणाला हटेना. आणि सहा वाजले. पलीकडच्या टीव्हीतलं समालोचन मध्येच तुटलं. नुसती खरखर ऐकू आली. मग तीही कोणीतरी बंद केली.

“बसा आता मुंग्या बघत!” थोरला भिंतीकडे बघून ओरडला. किती तरी दिवसांनी त्याने पाय पसरले.

निकाल पेनल्टीवर जाणार होता. पहिला खेळाडू चेंडूपाशी आला. थोरल्याचे कान सवयीने भिंतीकडे गेले. भिंत गप्प. खेळाडू धावत आला आणि तेवढ्या वेळात थोरल्याने पसरलेले पाय आखडून घेतले. गोल झाला. तो ओरडला नाही. त्याला श्वास घ्यावा लागला.

दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि हे असं किती जड असतं ते तो विसरूनच गेला होता. हात गार पडले. कानशिलं ठणकू लागली.

“बंद करा म्हणते मी,” बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. “तोंड बघा आरशात.”

“आता? आता तर कुठे मजा यायला लागलीय,” तो म्हणाला, पण हात छातीवर गेला होता तो त्याने खाली घेतला नाही.

आपण एका गोलने मागे. आपली शेवटची पेनल्टी. हा चुकला तर सगळं संपलं.

कोणीतरी दार धडाधडा वाजवलं. बायकोने धावत जाऊन उघडलं.

“भाऊजी? तुम्ही?”

अंगात बनियन, पायात काही नाही, धापा टाकत धाकटा आत आला. भिंत झाल्यापासून या दारातून तो पहिल्यांदाच येत होता.

थोरल्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. “या, या! कंटाळलात वाटतं मुंग्या बघून? बसा, फुकट आहे.”

धाकटा बसला नाही. पडद्यावर खेळाडूने चेंडू ठेवला आणि तो मागे सरकू लागला. धाकटा सरळ टीव्हीसमोर येऊन उभा राहिला, पडद्याकडे पाठ करून. त्याचे डोळे थोरल्याच्या छातीवरच्या हातावर होते.

“बंद कर तो, दादा,” तो म्हणाला. “आता मला तुला आधी सांगता येत नाही.”